बाबाजीच्या वाट्याचं हरीण

बाबाजी तुळसकराचं पोट दुर्बिणीवर चालायचं. सौदीतल्या तबूकमधल्या एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपात रस्ते मोजायच्या लेव्हल आणि थिओडोलाइट दुरुस्त करीत त्याला नऊ वर्षं झाली होती. वाळू खाऊन आंधळी झालेली यंत्रं यायची, आणि हा त्यांना डोळस करून साइटवर परत पाठवायचा. स्वतः मात्र कुठे जायचा नाही. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या, तिजोरीत, राहायच्या परवान्याचा इकामा खिशात आणि जीव राजापूर तालुक्यात, अशी त्याची तीन ठिकाणी वाटणी झालेली.

२००७च्या नोव्हेंबरात ही वाटणी फारच टोचू लागली. लेकीचं, ममताचं, लग्न डिसेंबरच्या नऊ तारखेला ठरलं होतं. साखरपुडा बाबाजीनं फोनवर ऐकला होता. त्याच्या बायकोनं, पारूनं, फोन भटजींच्या तोंडासमोर धरला आणि ऐन मंत्रात इकडचं कार्ड संपलं. "लग्नालाही नाही आलात तर मी फोनच उचलायची नाही," असं ती पुढच्या वेळी म्हणाली. हे ती फोन उचलूनच म्हणाली, तरी बाबाजीला त्यात दम वाटला.

जायला कागद लागतो. देशाबाहेर पडून परत यायचा, कफीलच्या सहीचा. कफील अबू तुर्की मनानं वाईट नव्हता. 'नाही' तो कुणालाच म्हणत नसे. तो 'बुकरा' म्हणे, म्हणजे उद्या. दोन महिने बाबाजी हे उद्या जमवीत होता. आणि आता येत्या रविवारी अबू तुर्की स्वतःच उडणार होता, दोन महिन्यांसाठी, अमेरिकेला. त्याआधी सही झाली तर बाप मांडवात, नाहीतर बाप तबूकात.

अबू तुर्कीचा मुलगा तिकडे शिकत होता. त्यानं बापाला हरणाच्या शिकारीला बोलावलं होतं. तिथल्या कायद्यानं हरणावर रायफल चालत नसे. बारा बोअरच्या बंदुकीतून अंगठ्याएवढी एकच शिशाची गोळी उडवायची. तसलीच एक बंदूक अबू तुर्कीकडे परवान्यासकट होती. सराव इथेच करू म्हणून तो दुबईहून दुर्बीण आणायला गेला. दुकानदारानं तीन दाखवल्या. गरिबाला निवड जमली नाही की तो हात हलवत परततो. अबू तुर्की तिन्ही घेऊन आला आणि बाबाजीच्या टेबलावर मांडून म्हणाला, "निवड. बंदुकीवर बसव. तू हरणांचा शिकारी आहेस."

ही पदवी बाबाजीनं स्वतःच्याच जिभेनं मिळवली होती. एकदा चहा पिताना अबू तुर्कीनं विचारलं, तुमच्या गावी शिकार होते का? बाबाजी म्हणाला, होते तर, आम्ही दरवर्षी मारतो. काय मारता? आता बाबाजीच्या गावची पारध म्हणजे रानडुकराची. ते नाव कफीलसमोर कसं घ्यायचं? भल्या माणसाच्या चहाचा विटाळ नको म्हणून त्यानं हळूच डुकराचं हरीण केलं.

आणि 'आम्ही मारतो' म्हणजे तरी काय? बंदुकीवर एकटा बसतो. बाकी सगळा गाव डबे बडवीत, बोंबलत रान उठवतो. पण जो गेला त्याला सारखा वाटा, कुत्र्यालासुद्धा. म्हणून घरी येताना प्रत्येकजण 'आम्ही मारला' म्हणतच येतो. बाबाजीनं उभ्या जन्मात रॉकेलचा डबा बडवला होता. बंदुकीला हात फक्त दसऱ्याला, फूल वाहायला.

"मग सांग ना त्याला खरं," मुनाफ म्हणाला. मुनाफ खेडचा, कफीलचा ड्रायव्हर आणि बाबाजीचा खोलीतला सोबती.

"आणि सही?"

"खोटं सांगून तरी कुठे मिळालीय? डुक्कर म्हणायला लाजलास आणि हरणात अडकलास. चांगलाच रे बाबाजीभाव तू."

सांगितलं तर खोटारडा, न सांगितलं तर शिकारी. दोन्हीकडून रान उठवलेलं. मधे बाबाजी.

शेवटी त्यानं आपल्या धंद्याच्या अकलेनं दुर्बीण निवडली. लेव्हलवाला काय बघणार? लांबचं किती मोठं आणि किती स्वच्छ दिसतं ते. सर्वांत जाडी दुर्बीण बारापट होती. वर्कशॉपाच्या गच्चीवरून तिच्यातून लांबच्या पाण्याच्या टँकरचा नंबर वाचता आला. बाबाजीनं तीच बसवली.

शुक्रवारी सकाळी तिघे तिन्ही दुर्बिणी गाडीत टाकून गावाबाहेर अबू तुर्कीच्या शेतावर गेले. सत्तर पावलांवर तेलाचा रिकामा डबा ठेवला. अबू तुर्कीनं बंदूक खांद्याला लावली.

"नीट दिसत नाही. कडेला काळं दिसतं."

"डोळा पुढे घ्या, शेख. अगदी टेकवा," बाबाजी म्हणाला. नऊ वर्षं साइटवरच्या पोरांना तो हेच सांगत आला होता. लेव्हल काही लाथ मारत नाही.

बंदुकीनं मारली. डबा जागच्या जागी उभा राहिला आणि अबू तुर्की खाली बसला. दुर्बिणीच्या कडेनं त्याच्या भुवईवर बीजेची चंद्रकोर काढली होती, लालभडक. मुनाफ धावला आणि त्यानं स्वतःचा रुमाल त्या जखमेवर दाबून धरला. मग बाबाजीकडे मान वळवून मराठीत म्हणाला, "लग्नाची सीडी मागवून ठेव."

बाबाजीच्या डोळ्यांसमोर ममता दिसली, हळद लावलेली, बारापट मोठी आणि अगदी स्वच्छ.

अबू तुर्की ओरडला नाही. रुमालाखालून एका डोळ्यानं बघत त्यानं शांतपणे विचारलं, "बाबाजी, तू किती हरणं मारलीस?"

बाबाजीला त्या सपाट वाळूत लपायला एक झुडूप दिसेना. तो चालत गेला, तो तेलाचा डबा उचलून घेऊन आला आणि मालकासमोर उभा राहून दगडानं बडवू लागला. "हो हो हो, हुर्र, हाकल रे," अशी त्यानं राजापुरी बोंब ठोकली. शेतावरच्या बकऱ्या कोपऱ्यात गोळा झाल्या.

"मी एवढंच करतो, शेख. बंदुकीवर दुसरा असतो. आणि जनावर हरीण नसतं."

"मग कोणतं?"

बाबाजी खाली बघू लागला. मुनाफनं अबू तुर्कीच्या कानात सांगितलं. अबू तुर्कीनं "अस्तगफिरुल्ला" म्हटलं, आणि मग त्याला हसू आलं. हसताना भुवई दुखली, म्हणून तो थांबला, आणि पुन्हा हसला.

"आणि डबा बडवणाऱ्याला वाटा किती?"

"सारखाच."

"माझा आजाही तसंच करायचा. शिकार आली की तंबूत जो असेल त्याला वाटा." त्यानं रुमालाची घडी बदलली. "मग डबा ठेव खाली. तुझा वाटा कमव."

भुवईला पट्टी लागल्यावर बाबाजीनं खिशातली स्टीलची मोजपट्टी काढली. आता त्यानं लांबचं बघितलंच नाही. प्रत्येक दुर्बिणीत चित्र पूर्ण गोल दिसतं तेव्हा डोळा काचेपासून किती लांब राहतो, तेवढंच मोजलं. जाडीचं अंतर दोन बोटं. मधलीचं तीन. तिसरी, अडीचपटीची, खेळण्यासारखी बुटकी, तिचं चांगलं पाच बोटं भरलं. तीच त्यानं बंदुकीवर चढवली आणि मुनाफला गाडीतून अबू तुर्कीचा मेंढीच्या कातड्याचा फरवा आणायला लावला.

"या उन्हात?" मुनाफ म्हणाला.

"तिकडे हरणं थंडीत मारतात. जाड कोट घातला की बंदूक पुढे जाते. मग डोळ्याचं माप चुकतं."

फरवा घालून, घाम गाळत, अबू तुर्कीनं डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली. मग उघडले. बाबाजीनं दुर्बीण केसभर पुढे, केसभर मागे सरकवली, चित्र काठोकाठ गोल दिसेपर्यंत. पुन्हा ठेवलेला डबा पहिल्याच गोळीला सत्तर पावलांवरून उडाला.

शनिवारी कागद झाला. मागितले होते वीस दिवस, अबू तुर्कीनं खुशीत तीस लिहिले. "हरीण मिळालं तर एक वाटा तुझा," म्हणाला, आणि रविवारी पट्टी लावून विमानात बसला.

चार डिसेंबरला बाबाजी घरी पोचला. पारू आधी रडली, मग उशीर झाला म्हणून भांडली. नऊ तारखेला तो मांडवात उभा होता, मंत्र शेवटपर्यंत ऐकत. जेवणाच्या पंगतीत चुलते उमाकांत म्हणाले, "अरे बाबाजी, साखरपुड्याला सोडलं नाही तुला, मग आता कसं सोडलं?"

ममताच्या डोक्यावर अक्षता पडल्यानं बाबाजीचा ऊर भरला होता. जीभ काही त्याच्या ताब्यात नव्हती.

"आम्ही हरीण मारलं, काका."

पंगत थांबली. उमाकांतकाकांनी भाताचा हात तसाच धरून त्याच्याकडे बघितलं. गावचा बंदुकवाला यंदा मोतीबिंदूनं घरी बसला होता.

"अरे वा," काका म्हणाले. "मग येत्या सव्वीसच्या पारधीला बंदुकीवर तूच."

बाबाजीनं मनात हिशेब केला. वीस दिवसांचा कागद असता तर चोवीसला तो विमानात असता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, अबू तुर्कीनं जरा हात आखडता घ्यायला हवा होता.