एकट्या सुतारकाकांसाठी

आमची वहिनी इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करते. दिवसभर ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या, झटकायच्या, वाळल्या की घड्या घालायच्या. दादा गेल्यापासून घर तिच्या पगारावर आणि माझ्या शिवणावर चालतं, त्यामुळे काम सोड म्हणायची सोय नाही. संध्याकाळी घरी आली की ती दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसते. मी काही विचारलं तर ओल्या हातांनी खुणा करूनच सांगते.

एवढं कमी होतं म्हणून की काय, दर रविवारी चर्चमध्ये ती सगळा उपदेश हातांनी सांगते. कोणाला? एकट्या सुतारकाकांना. काका जन्मापासून बहिरे. वहिनीचा धाकटा भाऊही तसाच होता, म्हणून तिला खुणांची भाषा लहानपणापासून येते. काकू वारल्यावर काकांशी बोलणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नाही. पहिल्या बाकासमोर खुर्ची टाकून, पाळकांकडे पाठ करून ती बसते. आणि आमचे पाळक एकदा सुरू झाले की थांबायचं नाव घेत नाहीत. अर्ध्यावर काका पेंगायला लागतात, तरी हिचे हात चालूच! उठून काकांना एक चिमटा काढावा असं मला कितीदा वाटलंय.

यंदा तिचे सांधे सुजले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हातांना विश्रांती द्या, नाहीतर बोटं कायमची आखडतील.

"रविवारचं तेवढं बंद कर," मी म्हटलं.

"आणि काकांना कोण सांगणार?"

"झोपलेल्या माणसाला सांगायचं काय असतं गं?"

"देवानं मला हे एकच दिलंय, बाई. चादरी काय, कोणीही धुवेल."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझा मात्र जीव तुटत होता. खरं सांगायचं तर देवाचाही थोडा रागच आला होता.

पुढच्या रविवारी पाळकांनी नेमका कुठला दृष्टांत काढावा? धन्यानं दिलेले पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा. "देवानं दिलेलं दान वापरा! पुरून ठेवू नका!" ते मूठ आपटून सांगत होते आणि वहिनी तेच सुजलेल्या बोटांनी सांगत होती. मध्येच तिची बोटं आखडून अडली. ओठ घट्ट मिटून तिनं ते वाक्य पुन्हा सुरू केलं.

त्या दिवशी काका टक्क जागे होते. ते पुढे वाकले आणि तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले. तिचं सांगणं थांबलं, त्याबरोबर त्यांचं ऐकणंही. तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला, पण काकांनी तिला ओढून शेजारी बाकावरच बसवलं. थोड्याच वेळात आमची वहिनी भर उपासनेत काकांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. पाळकांचा आवाज चढलेलाच होता. काकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायला सांगितलं. जन्मात आवाज न ऐकलेला माणूस! पाळक हळूच म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी नाही मिटले. मिटले तर त्यांना प्रार्थना कळणार कशी? ते पलीकडच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघत होते. दमून बोलवेनासं झालं की वहिनी घरात हातांनीच बोलते, त्यातून चार खुणा मी उचलल्यात, तेवढंच माझं ज्ञान. तरी उठले आणि त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. पाळकांच्या प्रार्थनेतलं एक वाक्यही मला सांगता येईना. मग जे येत होतं ते सांगितलं. देवा. वहिनी दमली.

काकांनी खांदा न हलवता मोकळ्या हातानं खूण केली, पुढे सांग.