बिनशेंडीचा नारळ

आई फोनवर आधी 'जेवलास का' विचारायची आणि मग रागवायची. त्या शनिवारी तिनं जेवणाचं विचारलंच नाही. "सोमवारी बाबांचं ऑपरेशन हाय," ती म्हणाली. "छातीचं. तिकडं डोंगर हाय का रे एखादा?"

मी होतो चीनमध्ये, ग्वांगझू शहरात. आसनगावजवळच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, त्यांनी तिथून प्लॅस्टिकच्या बादल्या बनवायचं नवं मशीन घेतलं होतं आणि ते शिकायला आम्हा दोघांना पाठवलं होतं. जोडीदाराला तिथलं अन्न मानवलं नाही, तो पोट धरून परत गेला. उरलो मी. दिवसभर हातवारे करायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भात शिजवायचा. कधी कधी भात शिजेपर्यंत मी कुकरशी मराठीत बोलायचो. हसू नका, एकदा राहून बघा.

सुट्टी मागितली होती. साहेब म्हणाले, "ऑपरेशन डॉक्टर करणार, तू येऊन काय करणार?" खरं होतं. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

तर डोंगर. आमचं गाव माहुलीच्या पायथ्याशी. आमच्या घरात काहीही मोठं असलं, लग्न असो की दुखणं, की थोरल्या मुलानं डोंगराला नारळ द्यायचा. वर चढायचीही गरज नसते, पायथ्याला शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे, तिथं फोडायचा. थोरला मी. धाकटा भाऊ आईबरोबर कल्याणच्या हॉस्पिटलात होता, आणि तो गेला असता तरी आईला ते चाललं नसतं.

"अगं, माहुली तिकडं, मी इकडं. इकडच्या डोंगराला काय कळणार?"

"डोंगर डोंगराचे भाऊच असतात. तिकडचा इकडच्याला सांगंल. आणि परसाद वाट. एकट्यानं खाऊ नको. दुसऱ्याच्या हातात पडल्याबिगर नारळ पोचत नाय, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. फोडणाऱ्यानं शेवटी खायचं, आधी दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं. पायथ्याला कोणी ना कोणी असतंच, गुराखी, मोळीवाली, फॉरेस्टवाला. प्रसाद नको म्हणणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

शहराच्या अंगालाच एक मोठा डोंगर होता. त्याच्या नावाचा अर्थ पांढरे ढग, असं मशीन शिकवणाऱ्यानं कागदावर ढग काढून समजावलं होतं. वर देवळं आहेत हेही त्यानं हात जोडून दाखवलं होतं. रविवारी सकाळी मी आधी बाजारात गेलो. नारळ होते, पण सगळे भादरलेले, गुळगुळीत. एकालाही शेंडी नाही! शेंडीशिवाय नारळ देवापुढं नेणं म्हणजे उघड्या अंगानं लग्नाला जाणं. मी विकणाऱ्या बाईला डोक्यावर बोटं उभी करून शेंडी दाखवली. ती हसत सुटली आणि तिनं नारळाला भोक पाडायला सुरी उचलली. मी तो तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला.

डोंगर सुंदर होता, हे कबूल करायला हवं. दाट झाडी, दगडी पायऱ्या, मधेच खाली सगळं शहर धुक्यात बुडालेलं. वड आमच्यासारखेच, पारंब्यांचे. म्हातारे-म्हाताऱ्या तुरुतुरु चढत होत्या. काहींच्या हातात रिकामे कॅन. वर झरा होता, त्याचं पाणी भरून घरी न्यायचे. सगळे जोडीनं, घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. मी एकटाच प्लॅस्टिकच्या पिशवीत नारळ घेऊन गप्प. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. त्यांचा काय दोष? पण येत होता.

देऊळ बुद्धाचं होतं. पिवळ्या भिंती, मोठं धुपाटणं, तीन-तीन उदबत्त्या हातात धरून वाकणारी माणसं. मीही हात जोडले. "डोंगरबाबा, माहुलीला सांग," एवढंच म्हणालो, कारण जास्त बोललो असतो तर तिथंच रडलो असतो. मग बाहेर आलो, पायरीचा कोपरा बघितला आणि गावच्या सवयीनं हाणला नारळ.

काय आवाज झाला! अंगण दणाणलं. उदबत्त्या धरलेली माणसं जागच्या जागी थिजली. एक लहान पोर रडायला लागलं. पाण्याचा ओघळ थेट एका बाईच्या पांढऱ्या बुटांपर्यंत गेला. आतून राखी कपड्यातला एक माणूस धावत आला, आधी पायरी तपासली, मग मला. मी दोन्ही वाट्या त्याच्यापुढं धरून हसलो. तो हसला नाही. आत गेला आणि झाडू घेऊन आला. तो त्यानं माझ्या हातात दिला.

झाडलं. सगळ्यांच्या देखत, करवंटीचा तुकडा न् तुकडा. माहुलीच्या वाघोबापुढं कोणी असं केलं असतं का? आमच्याकडं कुत्रीसुद्धा नारळ फुटल्याचा आवाज ऐकून शेपूट हलवत येतात.

मग प्रसाद. खिशातल्या चाकूनं खोबरं काढलं आणि देवळाबाहेर उभा राहिलो. तळहातावर तुकडे, हात पुढं. पहिला माणूस मान हलवून गेला. दुसऱ्यानं वळसा घातला. एका लहान मुलीनं हात पुढं केला आणि माझा जीव हरखला, तर तिच्या आईनं तो झटकन मागं ओढला. मी विकतोय असं एकाला वाटलं, त्यानं खिशात हात घातला. मी "नाही नाही" म्हणालो तर तो घाबरलाच. चूक कोणाचीच नव्हती. अनोळखी, दाढी वाढलेला, परका माणूस हातावर काहीतरी घेऊन उभा आहे. मी तरी घेतलं असतं का? पण माझा बाप तिकडं खाटेवर होता आणि मला फक्त एक हात हवा होता. एक! झऱ्याकडून परतणाऱ्यांना दाखवलं, पायऱ्यांवर बसलेल्यांना दाखवलं, उतरताना प्रत्येक वळणावर दाखवलं. खोबरं घामानं ओलं झालं. पायथ्याशी आलो तेव्हा सगळेच्या सगळे तुकडे हातात होते. इतकं एकटं मला आयुष्यात आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

समोर परदेशी फोन लावून देणारं दुकान होतं. आईला थाप मारावी, म्हाताऱ्या बाईनं घेतला म्हणावं, असं ठरवूनच नंबर फिरवला. पण तिचा "हॅलो" ऐकला आणि जमलंच नाही.

"आई, नारळ फोडला. पण कोणी घेतला नाही गं. एकानंही नाही."

पलीकडून हॉस्पिटलातल्या खाटांचा खडखडाट येत राहिला. मला वाटलं, आता ती रडणार, आणि उद्या काही वाईट झालं तर जन्मभर हा नारळ तिच्या मनात राहणार.

"तू तिकडं कोन?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे?"

"तिकडचा हायस का तू?"

"नाही."

"मंग पावनाच ना? डोंगर त्यांचा, देव त्यांचा. तिथं दुसरा, परका तू एकटाच. पावन्याच्या हातात पडला म्हंजे पोचला. खा तू."

"अगं पण फोडणाऱ्यानं आधी..."

"खा म्हनते ना! सकाळपासनं उपाशी असशील."

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. ते पुढं बरीच वर्षं शेतावर गेले, आणि आई म्हणते, नारळ पोचला. पोचला असेल. मी मात्र त्या दुकानात, रिसीव्हर कानाला लावून, खारट झालेलं खोबरं खात होतो, आणि तिकडून आई प्रत्येक घासाला विचारत होती, "खाल्लास का? अजून खा."