शेंदराखालचा स्तूप

वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सरोजिनी सोनकांबळे ऑपरेटर होती. तोंडाची फटकळ. साहेबाने नुसतं "ए सोनकांबळे" म्हटलं, तर सगळ्यांदेखत "बाई म्हणा" असं ऐकवणारी. नांदेडकडच्या वडिलांनी लहानपणी एकदा लेणी दाखवली, तेव्हापासून तिला तो नादच लागला. सुट्टी मिळाली की निघाली कुठल्यातरी पडक्या देवळाच्या शोधात, एकटीच.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ती पनवेलजवळच्या एका गावात उतरली. तिथल्या शेतांत नव्या शहरासाठी सरकारने नुकतेच मोजणीचे दगड रोवले होते. पिशवीवालं शहरी माणूस दिसलं की गावाचं डोकं फिरायचं.

वेशीपाशी जुन्या शिवमंदिराचा नुसता चौथरा उरला होता. त्याच्या एका कोरीव शिळेवर बायका कपडे धूत होत्या. सरोजिनी वाकून शिळेवरची हत्तींची रांग न्याहाळू लागली, तशी आपटाआपट थांबली.

"मोजनीची हाय काय गं तू?" गिरजाबाईने विचारलं. टेकडीवरच्या देवीची पूजा तिच्या घराकडे होती.

"नाही. जुनी देवळं बघत फिरते."

"आडनाव काय?"

सरोजिनीने सांगितलं. एका बाईने आपली भरलेली कळशी उचलून लांब ठेवली.

सरोजिनीची कानशिलं तापली. मागे फिरली असती तर ती सरोजिनी कसली? तिने टेकडीची वाट धरली. विळा हातात घेऊन गिरजाबाई मागोमाग निघाली.

वर कातळात एकच खोली खोदलेली. आत घुमटासारखा दगड, शेंदराने लिंपलेला, त्यावर चांदीचे डोळे. खाली शेंदराचा एक पापुद्रा निखळला होता आणि तिथून कोरीव कठड्याची नक्षी दिसत होती.

"हा स्तूप आहे," सरोजिनी म्हणाली. "भिक्खूंची जागा ही. तुमच्या देवीच्या आधीची."

"आमची आई हाय ती." गिरजाबाई त्या दगडापुढे आडवी उभी राहिली. "शेती गेली, मिठागर गेलं. आता डोंगरबी तुमचा म्हनाला आली तू?"

"माझा नाही म्हणत. जे आहे ते सांगते."

"भायेर निघ."

सरोजिनीने गुडघे टेकले आणि सावकाश बुद्धाचं त्रिसरण म्हणायला लागली. गिरजाबाईने दंडाला धरून तिला फरफटत बाहेर काढलं. पिशवीचा बंद तुटला, कोपर सोलवटलं.

"हात लावलात ना मला?" धापा टाकत सरोजिनी म्हणाली. "आता घरी जाऊन आंघोळ करा."

गिरजाबाईने सरोजिनीच्या दाराबाहेर काढलेल्या चपला उचलल्या आणि दरीत भिरकावल्या. सरोजिनी अनवाणीच उतरली. चौथऱ्यापाशी जमलेल्या गावाने वाट दिली, पण कुणी तिच्यावरची नजर हटवली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा गेली. तोवर लेण्याला लोखंडी दार बसलं होतं आणि किल्ली गिरजाबाईच्या कमरेला होती. सरोजिनी दाराबाहेर बसली आणि मोठ्याने वंदना म्हणू लागली. ती संपेपर्यंत गिरजाबाई देवीची घंटा बडवत राहिली.