गाडी साडेसहा देते

आमच्या बीड भागात गाडीवाल्याला त्याचं गाव विचारायच्या आधी गाडीचं अॅव्हरेज विचारतात. टपरीवर गाडी उभी करून चहा सांगितला, की शेजारी बसलेला माणूस चाकांकडं बघत म्हणणारच, "किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर. गाडीवाला खऱ्यात दोन-तीन घालून सांगतो. ऐकणारा ते दोन-तीन मनातल्या मनात काढून टाकतो. दोघांचाही चहा सुखाने संपतो. याला आमच्याकडं कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. उलट कमी अॅव्हरेज सांगणं म्हणजे घरातल्या माणसाची उणीदुणी परक्यासमोर काढणं.

मी कमी सांगते. साडेसहा.

मी चालवते ती गाडी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची आहे. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून झाल्यावर दान दिलेली मोठी पांढरी व्हॅन. इंजिन असं, की पाय नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटते. लागेल तेव्हा ताकद चारही चाकांना जाते, म्हणजे आमच्या भाषेत फोर बाय फोर. आणि ऑटोमॅटिक, क्लच नाही, हाताने गिअर बदलायचे नाहीत. आत तपासायचा पलंग, औषधांची कपाटं, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी. मुळात जड गाडी, त्यात हा सगळा संसार.

पहिल्यांदा ती शिरूर कासारच्या टपरीवर उभी केली, तेव्हा बाकावरच्या दोघांचं बोलणं मुद्दाम मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने चाललं होतं.

"का रं, क्लचच न्हाई म्हणं हिला?"

"न्हाई."

"मग ही पोरगी डाव्या पायाचं काय करती?"

"तुमच्यासाठी ठिवलाय," मी खिडकीतून म्हणाले.

बाक हसला. तेव्हापासून तिथं मला पोरगी म्हणत नाहीत, ताई म्हणतात. अॅव्हरेज मात्र विचारलंच. साडेसहा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर येतं. त्यातल्या एकाने तर हळूच सल्ला दिला, "असं सांगत जाऊ नका, ताई. गाडीची इज्जत जाती."

माझे वडील पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. पत्रकात एक आकडा खोटा गेला की अख्खं पत्रक खोटं ठरतं, असं ते सांगत. घरात वाचायला दुसरं फारसं नव्हतं, म्हणून मी तीच वाचत वाढले. त्यामुळे आकडा वाढवून सांगायला माझी जीभ वळत नाही. यात मोठेपणा काही नाही, सवय आहे.

पण संस्थेच्या ऑफिसात गाडीचं अॅव्हरेज बारा होतं. माझ्या आधीच्या ड्रायव्हरने ते बारा सांगितलेलं, आणि महिन्याचं डिझेल त्या बाराच्या हिशोबाने मिळायचं. मी आले आणि महिना संपायच्या कितीतरी आधी टाकी कोरडी पडायला लागली. ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. साहेब पुण्याचे, बोलायला मऊ. "ताई, डिझेल जातंय कुठं?" एवढंच विचारलं. चोर म्हणायच्या आधी माणूस जसा थांबतो तसे ते थांबले होते.

"इंजिनात जातंय," मी म्हणाले.

"आधी बारा द्यायची. मी स्वतः बसून पाहिलंय. पालीपर्यंत जाऊन आलो होतो, साडेबारा दिली."

ते खरंच होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. बीडहून पालीपर्यंत गुळगुळीत हायवे. रिकामी गाडी, एका लयीत, ना थांबणं ना वळणं, बिंदुसरेचं धरण बघून परत. त्या रस्त्यावर ही गाडी साडेबारा देईलच. पण पालीच्या हायवेवर दवाखान्याचं काय काम? आम्ही जायचो शिरूर कासारच्या पलीकडच्या वस्त्यांवर. दर काही अंतरावर खड्डा, दर खड्ड्याला ब्रेक, ब्रेकनंतर एवढं मोठं धूड पुन्हा हलवायचं. शिवाय पेशंट तपासताना आतला दिवा, फ्रीज, एसी सगळं इंजिनवर चालतं. गाडी तासन्‌तास जागेवर उभी. मीटर थांबलेला असतो, डिझेल थांबत नाही.

आणि मग नदी. आमच्या यादीतली शेवटची वस्ती नदीपलीकडं होती. पाणी वर्षातून थोडेच दिवस, बाकी वेळ नुसती वाळू. पूल नाही. पात्रात उतरायच्या आधी मी फोर बाय फोर लावायचे आणि गाडी इंजिन गरगरवत, घोट घोट डिझेल पीत पलीकडं निघायची.

साहेबांनी शेवटी सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून नदी नको. अलीकडच्या फाट्यावर उभी करा. पेशंट येतील तिथं."

त्या वस्तीतली निम्मी घरं दिवाळीनंतर बंद असतात. माणसं ऊस तोडायला गेलेली असतात. मागं राहतात ती चालता न येणारी आणि त्यांच्या जिवावर सोडलेली लहान पोरं. अशाच एका घरात एक मावशी होती. साखरेचा आजार आणि तळपायाला जखम. आमच्या नर्सबाई, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, आठवड्यातून दोनदा तिची जखम धुऊन पट्टी बदलायच्या. मी साहेबांचा निरोप सांगितला तेव्हा सिस्टर कापूस भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती फाट्यापर्यंत वाळूतून चालली तर पाय जाईल. न चालली तर पट्टी चुकंल, आन्‌ पाय जाईल. कोणत्या रस्त्यानं घालवायचा ते तुझ्या साहेबाला विचार."

मी साहेबांना विचारायच्या आधी जुन्या ड्रायव्हरकाकांकडं गेले. खड्डे आणि नदी असताना त्यांनी बारा कसं काढलं, हे मला माहीत करून घ्यायचं होतं. काका बीडमध्येच राहतात. दारात खाटेवर बसले होते. गाडीचं नाव काढताच त्यांचा चेहरा फुलला.

"बारा! एकदा तर तेरा बी दिली तिनं मला."

"नदी ओलांडून?"

"नदी? नदीत कोण घालंल तिला? मी डांबरी सडक सोडायचोच न्हाई. दर फाट्यावर थांबायचो, इंजिन बंद करून हॉर्न द्यायचो. यायचं त्यांनी."

"आणि ज्यांना चालता येत न्हाई?"

काका खाटेची सुतळी चाचपू लागले. "ते येत नव्हते," म्हणाले. मग जरा चिडून, "मला ऑफिसातून कुणी कवा विचारलं, की काका, आज कोण आलं न्हाई? रोज एकच विचारायचे, किती दिली. मी ती देऊन दाखवली."

ते खोटारडे नव्हते. त्यांच्या बाराचा प्रत्येक किलोमीटर खरा होता. त्या बारात फक्त मावशी नव्हती.

निघताना त्यांनी आपुलकीने मला एक युक्ती सांगितली. "पोरी, मला कवा गरज पडली न्हाई, पर तू दोन फेऱ्या जास्तीच्या सांगत जा. किलोमीटर वाढले की अॅव्हरेज वाढतं. तुझं बी भागंल, त्यांचं बी भागंल."

सोपं होतं. पण मी किलोमीटर वाढवून बारा केलं, तर कागदावर हा रस्ता गुळगुळीत होणार, नदीवर पूल होणार आणि मावशी धडधाकट होणार. मग वरून कुणी कशाला विचारेल, की तिथं अजून पूल का नाही? मी साहेबांना फोन लावला आणि म्हणाले, "तुम्ही पालीला बसलात तसे माझ्याबरोबर बसा. टाकी तुमच्यासमोर फुल्ल करू, परत आल्यावर तुमच्यासमोरच भरू."

साहेब आले. फाल्गुनातलं ऊन होतं. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, साहेबांनी मीटरचा फोटो काढला आणि पुढं माझ्या शेजारी बसले. निघण्याआधीच त्यांचे नियम सुरू झाले. एसी बंद. पाय हलका. उतार लागला तेव्हा म्हणाले, "आता न्यूट्रल टाका. इथले सगळे टाकतात."

"टाकतात म्हणून ब्रेक जळतात, साहेब. ही गाडी उताराला गिअरमध्येच कमी पिते. पाय काढला की डिझेल तोडते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडीच्या माहितीपुस्तकात आहे. तुमच्या कपाटात असतं ते."

मागून सिस्टरांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

रस्त्यातल्या वस्त्या करत आम्ही नदीपाशी पोहोचलो. फाट्यावर साहेबांनी हात वर केला, म्हणजे थांबा. मी थांबले. त्यांनी पलीकडं बघितलं. वाळू, मग बाभळी, मग घरं. मी वाट बघत बसले. हॉर्न दिला नाही. कुणी आलं नाही. येणार कोण?

"जायचंच का?" त्यांनी विचारलं.

"टेस्ट ह्याच रस्त्याची आहे."

मी फोर बाय फोर लावलं आणि गाडी पात्रात घातली. मधोमध गेल्यावर गाडी खाली बसल्यासारखी झाली, इंजिनाचा आवाज चढला, साहेबांनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पाय सोडला तर रुतणार, म्हणून मी दाबत राहिले. समोरचा काटा, जो त्या क्षणी गाडी लिटरला किती देतेय ते सांगतो, तो एवढा खाली आला की साहेबांनी त्याच्याकडं बघायचंच सोडलं. मग पुढच्या चाकांना पलीकडची कडक जमीन लागली आणि आम्ही वर आलो.

मावशी दारातच बसली होती. सिस्टरांनी तिला गाडीत पलंगावर घेतलं. मी एसी बंदच ठेवला होता. आत पत्रा तापलेला. सिस्टर घाम पुसत पट्टी सोडवत होत्या. साहेब शेजारी उभे होते, जखम उघडी झाली तशी त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. थोड्या वेळाने त्यांचाच आवाज आला, "ताई, जरा एसी लावा."

मी लावला. इंजिन चालू, गाडी जागेवर.

मावशी त्यांच्याकडं निरखून बघत होती. "हे डिझेलवाले साहेब का?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"गाडी लई पेती म्हणं?"

साहेबांनी मान हलवली.

"आमचा म्हातारा बी लई प्यायचा," मावशी म्हणाली, "पर तो कवा कुणाला दवाखान्यात नेत नव्हता."

साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच हसले, आणि मला ते जरा बरे वाटायला लागले. पण हसल्याने डिझेल मिळत नाही.

संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. साहेबांनी मोबाईलवर भागाकार केला. पुन्हा केला. सहा आलं. माझ्या साडेसहापेक्षाही कमी, कारण माझ्या आकड्यात नदी नसलेल्या दिवसांच्या फेऱ्याही होत्या.

"हे वर कळवता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"वर बारा गेलंय. आणि एकदम सहा?" त्यांनी विचार केला. मग बाजारात मेथीच्या जुडीचा भाव पाडावा तसं म्हणाले, "आठ धरू. तुमचंही राहील, माझंही."

"आठ धरलं तर डिझेल आठच्या हिशोबाने येईल. म्हणजे महिन्याच्या शेवटी गाडी नदीच्या अलीकडं थांबेल. मावशीच्या पायाला शेवटच्या आठवड्यात सुट्टी नसते, साहेब."

"पण एका पायासाठी..."

"एका पायासाठीच," मी म्हणाले. "तुमच्या सगळ्या पुस्तिकांवर लिहिलंय, शेवटच्या माणसापर्यंत. शेवटचा माणूस नदीपलीकडं राहतो. तिथवरचं अॅव्हरेज सहा आहे. नको असेल तर पुस्तिकेत लिहा, फाट्यापर्यंतच्या माणसापर्यंत. तेही छापा. मी वाटते."

सिस्टर मागच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आन्‌ आठच धरायचं असंल तर सांगा, पट्टी बी दोनाऐवजी दीड वेळा करते."

साहेब गाडीला टेकले. मग त्यांनी मोबाईल काढला आणि आमच्यासमोरच मुख्य ऑफिसला लिहिलं. सहा लिहिलं. खाली लिहिलं, मी स्वतः बसलो होतो. पाठवताना त्यांचा अंगठा थांबला, पण पाठवलं.

उत्तर लगेच आलं नाही. मधल्या काळात वाढीव डिझेल मिळालं नाही आणि नदी बंद करायचा निरोपही मागं घेतला गेला नाही. मी दोन्हीकडं लक्ष दिलं नाही. पट्टीच्या दिवशी गाडी पात्रात घालत राहिले. जवळच्या, चालत येता येईल अशा वस्त्यांची फेरी कमी केली आणि ते उघडपणे कळवलं, कारणासकट. एकदा येताना टाकीचा दिवा लागला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बंद पडली तर ढकलू." दोघींना मिळून ते धूड वीतभर तरी हललं असतं का, कोण जाणे. आम्ही हसत पंपापर्यंत पोहोचलो.

मग ऑफिसचं पत्र आलं. डिझेल सहाच्या हिशोबाने मंजूर, पण अॅव्हरेज सुधारण्यासाठी काय केलं ते दर महिन्याला कळवावं. मी दर महिन्याला एकच ओळ कळवते: आमच्याकडून होतं ते सगळं केलं, रस्ता आणि पूल आमच्या हातात नाही. साहेब ती ओळ न खोडता पुढं पाठवतात.

ऊसतोडीची माणसं परतायला लागली तेव्हा एका सकाळी सिस्टरांनी मावशीची पट्टी सोडली आणि मला हाक मारली. "ये, बघ." जखमेच्या कडा आत सरकल्या होत्या, मधलं मांस लालभडक, ताजं. मला त्यातलं काही कळत नाही, पण सिस्टरांचा चेहरा कळतो.

"पाय राहिला," त्या म्हणाल्या.

मावशीने तळवा वळवून स्वतः बघायचा प्रयत्न केला, तो काही तिला दिसेना. "राहिला ना? मग गुरुवारी या," ती म्हणाली.

"येतो आम्ही," मी म्हणाले, आणि इंजिन चालूच ठेवलं, कारण आत अजून दोघी जणी तपासायच्या होत्या.