वलांडीचा दुसरा ताण

स्टॅटिक्स या विषयाने माझं जितकं डोकं खाल्लं, तितकं पुढे वरिष्ठांनी, ठेकेदारांनी आणि घरच्यांनी मिळूनही खाल्लं नसेल. आणि विषय कशाचा, तर न हलणाऱ्या वस्तूंचा! जी वस्तू मुकाट उभी आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, तिच्यावर कोणकोणती बलं आहेत ते शोधून काढा. कशाला? उभी आहे ना ती? मग राहू द्या की उभी! पण नाही. आमचे प्राध्यापक फळ्यावर एक शिडी भिंतीला टेकवायचे आणि भिंत गुळगुळीत आहे असं समजा म्हणायचे. मग दोरीला वजन नाही असं समजा. ती ताणत नाही असंही समजा. मी सातपाटीचा, कोळ्याचा मुलगा. भिजली की आखडणारी आणि वाळली की सैल पडणारी दोरी मी रांगायच्या वयापासून पाहत आलेलो. असल्या शहाण्या दोरीशी माझी कधी गाठच पडली नव्हती.

पण हे वर्गात कोण बोलणार? सगळा कारभार इंग्रजीतून. प्राध्यापकांनी ‘समजलं का?’ असं विचारलं की मी मान डोलवायचो. वर्षभर डोलवली. त्याचं फळ निकालात मिळालं. पहिल्या वर्षाचे बाकीचे विषय सुटले आणि स्टॅटिक्समध्ये मी सपशेल आपटलो. दिवाळीनंतर तेवढाच पेपर पुन्हा द्यायचा होता. त्यातही गेलो तर मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

घरी मी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. निकालाच्या दिवशी आयने विचारलं, “पास झालास ना?” आणि माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. ते परत घ्यायला मला क्षणही मिळाला नाही, कारण ती तडक साखरेची वाटी घेऊन बाहेर पडली आणि अर्ध्या आळीला साखर वाटून आली. आता त्या साखरेचं काय करणार? त्या दिवसापासून मी गावाचा ‘इंजिनेर’ झालो तो झालोच.

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घेऊन घरी आलो. पुढच्या वर्षाचा अभ्यास करतोय, अशी थाप मारून ठेवली होती. बा होडीवर, खोल पाण्यात गेलेला, म्हणून वाटलं होतं की शांतता मिळेल. कसली शांतता! सकाळी शेजारचा काका बंद पडलेलं घड्याळ घेऊन हजर. “बग रे जरा, तू इंजिनेर हाय ना?” ते होतंय तोवर दुसरा कुणी विचारणार, “तिकडं तारापूरला विजेचा येवडा मोठा कारखाना बांधतात. तुला सायेब करतील ना? माझ्या पोराला चिकटव कुटंतरी.” ज्याला शिडी भिंतीला टेकवता येत नाही तो यांच्या पोरांना चिकटवणार! मी दात-ओठ खात हसायचो आणि पुस्तकात तोंड घालायचो.

आमच्या घरामागे वाळूत आयची वलांडी होती. बोंबील वाळत घालायची ती सोय. दोन टोकांना दोन खांब, मध्ये बांबूंचे आधार आणि त्यांवरून ताणलेल्या आडव्या दोऱ्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून अशा जोड्या दोरीवर टाकायच्या. एवढ्या माशांच्या ओझ्याने टोकाचा खांब आत ओढला जाऊ नये म्हणून त्याच्या माथ्यापासून मागे दोन दोर वाळूतल्या मेखांना बांधलेले असत. त्यांना ताण म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पुस्तकातून वैतागून मान वर केली, तर समोर तो टोकाचा खांब. आणि मी ताडकन उठलो. खांब, त्याला पुढे ओढणारी दोरी, मागे ओढणारा ताण! पुस्तकातलं सत्ताविसावं उदाहरण माझ्या दारात उभं होतं, तेही बोंबलांसकट. उदाहरण सुटलं तर परीक्षा सुटली, असं मला का वाटलं कोण जाणे, पण वाटलं खरं. मी वलांडीच्या बाजूला फतकल मारली, दिसतं तसं चित्र काढलं आणि बलांचे बाण मारले.

बाजूने पाहिलं की दोन्ही ताण एकामागे एक लपतात. कागदावर एकच रेघ. पण दोर दोन, म्हणून अज्ञात संख्याही दोन. खांबाच्या बुडाशी जमिनीच्या रेट्याची आणखी दोन. अज्ञातं झाली चार आणि माझ्याजवळ समीकरणं तीन. दोन तास मी ती तीन समीकरणं उलटीपालटी केली. चौथं अज्ञात काही केल्या जागचं हलेना. मुठी वळल्या, पेन्सिलीचं टोक मोडलं. घड्याळवाला काका मध्येच डोकावून गेला, त्याच्यावर खेकसलो. आणि मग अचानक लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. उदाहरण सुटत नाही याचा अर्थ एक ताण जास्तीचा आहे! पुस्तकात एकच ताण असतो आणि खांब खुशाल उभा असतो. या अडाणी लोकांनी नसता पसारा करून ठेवलाय आणि डोकं पिकतंय माझं!

मी उठलो, उत्तरेकडचा ताण मेखेपासून सोडला आणि मागे सरलो.

काही झालं नाही. खांब जागच्या जागी. मी पुन्हा बसलो आणि पाच मिनिटांत उदाहरण सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा स्टॅटिक्सचं उत्तर मी स्वतः काढलं होतं. त्या दुपारी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवून आडवा झालो आणि समुद्रावरचा खारा वारा सुटला. रोज दुपारी सुटतो तसाच, काही वादळबिदळ नव्हे. आधी करकर आवाज आला, मग बायकांचा ओरडा. धावत बाहेर गेलो तर टोकाचा खांब दक्षिणेकडे कलंडलेला आणि त्याच्या मागोमाग अख्खी रांग वाळूत. सकाळी टांगलेले ओले बोंबील. एकेकाला अर्धा इंच वाळू.

कारण मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. दोन ताण पाय फाकल्यासारखे दोन बाजूंना बांधलेले होते, खांब कुठल्याच अंगाला जाऊ नये म्हणून. एक सोडल्यावर दुसरा त्याला आपल्याकडे खेचत राहिला आणि वाऱ्याने उरलेलं काम केलं. माझा कागद सपाट होता, वलांडी सपाट नव्हती. पुस्तकात यावर स्वतंत्र धडा होता. तो अवघड होता म्हणून मी ऑप्शनला टाकला होता. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात ते हेच.

आय वाळूत बसून बोंबील गोळा करत होती. वाळू लागलेला माल कोण घेतो? बहुतेक सगळा खतात जाणार होता. मी तिच्यासमोर बसलो. स्वतःचा इतका संताप आला होता की आवाज चढला.

“आय, ताण मी सोडला.”

“म्हायीत हाय,” ती म्हणाली. हात चालूच. “मी पायलं तुला सोडताना. दारातच व्हते.”

“पाहिलंस? मग थांबवलं का नाहीस मला?”

“आता तू पास झालेला. पुस्तक बगून, कागदावर लिवून सोडतोस. मला वाटलं, आमी उगाच दोन बांधत आलो इतकी वर्सं.”

मला ते ऐकवेना. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

“मी पास झालेलो नाही,” मी जवळजवळ किंचाळलोच. “याच विषयात नापास झालोय. पुन्हा परीक्षा आहे, आणि तिला मी जाणार नाही. मला यातलं काही येत नाही, आय. काही येत नाही!”

तेव्हा कुठे तिचे हात थांबले. मला वाटलं आता ती रडणार, किंवा साखरेची आठवण काढणार. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग सकाळीच का नाय सांगितलंस? नापास झालेल्याला मी दोराला हात लावू दिला असता व्हय?”

ती उठली, मोकळा पडलेला दोर वाळूतून ओढून काढला आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं.

“धर,” ती म्हणाली. “मी सांगते तसा बांद. आनि सकाळच्या गाडीनं मुंबईला जा.”