ड्रॅगनला घाबरलो तर इथं, न्हायतर क्रिकेटला

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, वर राहणाऱ्यांना माहीत असतं, कापसाचा तूस आज कितीही झाडा, उद्या कपाटावर पुन्हा थर! आमच्या खेळाच्या किश्श्यांचं तसंच आहे. त्यात मी कमी बोलणारी. बोलकी माणसं किस्से लगेच वाटून मोकळी होतात, माझ्याकडे ते नुसते साठत राहतात. म्हणून आज थोडे झाडून काढते.

खेळ साधा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा तो गेम मास्टर. मावसभाऊ हॉस्टेलला जाताना नियमांचं पुस्तक आणि फासा माझ्याकडे ठेवून गेला, तेवढ्यावर गेम मास्टर मी झाले. वर्गात माझं ‘प्रेझेंट मिस’ मिसच्या टेबलापर्यंतही पोचत नाही, आणि मी गेम मास्टर!

खेळणारे तिघे माझ्याच वर्गातले. सना चोर, काव्या जादूगार आणि वळ गावचा प्रणय योद्धा. शुक्रवारी खालचे लूम बंद असतात, माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. म्हणून आमचा खेळ शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, आमच्या बाहेरच्या खोलीत.

*

मी एक छोटं भुयार रचलं होतं. डोंगराखाली काही खोल्या, आणि शेवटच्या खोलीत खजिन्यावर बसलेला ड्रॅगन.

पहिल्या शुक्रवारी मी भुयाराचं वर्णन वाचायला लागले. दोन ओळी झाल्या आणि प्रणयने हात वर केला.

“आवाज न्हाय येत! म्यूटवर हाय का भुयार?”

सना त्याला म्हणाली, “चुप रे, सुन तो ले!”

“काय सुनू? ओठ हलताना दिसतान फक्त.”

मग त्याने जाहीर केलं की चुलतभावाच्या क्रिकेट टीमला शुक्रवारी बॉलर हवाय. “ड्रॅगन येईपर्यंत थांबतो. त्याला घाबरलो तर इथं, न्हायतर मी चाललो क्रिकेटला.”

योद्धा गेला की खेळ संपणार होता. आणि मला तर शुक्रवारशिवाय कुणाशी बोलायची वेळच येत नव्हती.

*

पहिलं दार लोखंडी होतं. किल्ली शोधायला त्यांना अर्धा तास लागेल असा माझा हिशोब. चोर झालेली सना म्हणाली, “मी दार वाजवते.”

दार वाजवायचं कुणाला सुचेल असं मला वाटलंच नव्हतं! दारामागे मी एक राक्षस बसवला होता, त्याला विचारावं लागलं, “कोण?”

“पार्सल आहे, भैया! ओटीपी बोलो!”

आमच्या भिवंडीच्या गोडाऊनमधून अख्ख्या देशात पार्सलं जातात. राक्षसाकडे न जायला काय झालं? तिघं माझ्याकडे बघत बसले. मी हळूच म्हणाले, “ओटीपी आला नाही. भुयारात रेंज नाही.”

काव्या इतकी हसली की तिला उचकी लागली. राक्षसाने सही करायला दार उघडलं.

*

दुसऱ्या खोलीत उकळत्या पाण्याचं कुंड होतं. तो सापळा होता. पाण्यात उतरेल त्याची ताकद निम्मी, असं मी ठरवलं होतं. पण काव्याचं आजोळ गणेशपुरीचं, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावचं. गरम कुंड म्हटल्यावर तिचा चेहराच उजळला.

“आधी पाय बुडवू, मग खांद्यावर पाणी घेऊ. चालून चालून पाय किती दुखलेत सगळ्यांचे!”

“अगं, पण ते जादूचं पाणी आहे,” मी म्हटलं.

“मग तर आणखी बरं!”

फासा टाकला, वीस पडला. वीस म्हणजे सगळ्यात मोठं दान, मागाल ते मिळतं. दोघींची सगळी दुखणी बरी झाली. प्रणय उतरायला लागला तशी काव्याने त्याला अडवलं. “थांब! हे बायकांचं कुंड आहे. पुरुषांचं कुठे आहे, तिला विचार.”

मला भिंतीपलीकडे आणखी एक कुंड काढून द्यावं लागलं.

*

एकदा प्रणयने फासा एवढ्या जोरात टाकला की तो दारातून उडून, जिन्यावरून टप्पे खात थेट लूमच्या दाराशी गेला. थोड्या वेळाने रफीकचाचा वर आले. ते खालचे लूम बघतात, आणि लूमचा आणि आमच्या घराचा एकच मेन स्विच आमच्या जिन्यात असल्यामुळे बंदच्या दिवशीही त्यांची ये-जा असतेच. तळहातावर लाल फासा ठेवून त्यांनी काळजीने विचारलं, “बेटी, किसी की अंगूठी का हीरा गिरा है क्या?”

तेव्हापासून आम्ही फासा टाकत नाही. हिरा टाकतो.

*

तिसरी खोली मी खूप मन लावून लिहिली होती. उंच छत, दगडी खांब, अंधार, वटवाघळं. यावेळी जमेल तेवढ्या मोठ्याने वाचलं. प्रणय पहिल्यांदाच मन लावून ऐकत होता. मला वाटलं, घाबरला!

तो म्हणाला, “एवढी जागा मोकली हाय? गोडाऊनला देऊन टाक! माझे काका भाडेकरू आणतील.”

“आणि वटवाघळं?”

“नाईट शिफ्टचे वॉचमन!”

*

मग ड्रॅगनचा शुक्रवार आला. आणि नेमके त्याच दिवशी लूम चालू! शेठची ऑर्डर अडकली होती म्हणे. जमीन थरथरत होती, टेबलावर हिरा आपोआप सरकत होता.

प्रणयने बॅट सोबत आणली होती. ती दाराशी उभी करून तो बसला.

“योद्धा खजिन्याची पेटी उघडतो!” तो ओरडला. “कुठं हाय तुझा ड्रॅगन?”

मी ड्रॅगनचं वाक्य म्हटलं. त्याने कानाला हात लावला. पुन्हा म्हटलं. सना ओठ वाचून त्याला सांगायला लागली. ड्रॅगनला दुभाषा लागतोय, हे मला फार लागलं. मी उभी राहिले, डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले,

“कोण आहे रे? कुणी हात लावला?”

पहिल्याच शब्दाला दिवे गेले, खालचे सगळे लूम एकदम थांबले. उरलेलं वाक्य त्या शांततेत अख्ख्या इमारतीभर घुमलं. समोरच्या खिडकीतलं कबूतर उडालं. मी डोळे उघडले तर प्रणय खुर्चीवर नव्हता. तो सनाच्या मागे होता, दोन्ही हातांनी तिचं दप्तर धरून.

आणि मग अंधाऱ्या जिन्यातून रफीकचाचांचा बारीक आवाज आला,

“बेटी, हाथ सिर्फ मेन स्विच को लगाया! और किसी चीज़ को नहीं, कसम से!”