ताईबाईची तुती

ताईबाई माझी थोरली जाऊ. जिभेने तिखट, पण रेशमाच्या अळ्यांशी बोलायला लागली की आवाज इतका मऊ, की घरातल्या पोरांनाही तो कधी ऐकायला मिळाला नाही. भाऊजी गेल्यावर दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात एकरभर तुती लावून, शेडमध्ये अळ्या पाळून तिने घर सावरलं.

बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा पहिलं कुंकू तिनेच लावलं. गटातल्या रत्नालाच उडवायला शिकवा म्हणून भांडलीही तीच. पाठीवर पंप घेऊन औषधात भिजणाऱ्या माणसांची तिला फार कणव.

शेजारचा अभिमन पंपाने कपाशी फवारायचा, तेव्हा आदल्या संध्याकाळी बांधावरून हाक द्यायचा, "वहिनी, पाला तोडी ठेवा, सकाय फवारनी शे." मग पाल्यावर औषध बसण्याआधीच ती अळ्यांपुरता पाला तोडून ठेवायची.

या खेपेला त्याने मोबाइलवरून गटाचा ड्रोन मागवला. त्याला वाटलं, रत्ना गटातलीच, ती ताईबाईला सांगेल. रत्नाला वाटलं, अभिमन नेहमी सांगतोच. झालं! सकाळी आम्ही शेतात पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि कपाशीवरचा फवारा सगळा तुतीवर येत होता. ताईबाई पदर हलवत धावली. त्या घरघरीत तिचं कोण ऐकणार?

अळ्या चार-पाच दिवसांत कोष विणणार होत्या. याच दिवसांत त्या नुसत्या खात सुटतात. दुसऱ्या तुतीवाल्यांकडे गेलो, तर त्यांच्याही अळ्या भुकेल्या. पाला मागायचा कोणत्या तोंडाने? रत्ना रडत आली. टाकीत साधं पाणी भरून तिने तुतीवर ड्रोन फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. मला तिला चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या, पण तिचं तोंड बघवत नव्हतं.

धुतलेला मूठभर पाला ताईबाईने थोड्या अळ्यांना घालून पाहिला. दुपारपर्यंत त्या हिरवं ओकून मेल्या.

संध्याकाळी ती रिकामी टोपली घेऊन शेडमध्ये गेली. तिची चाहूल लागताच रॅकवरच्या अळ्यांनी माना वर केल्या. बाहेर तुती हिरवीगार उभी होती.

"मांगतस वं त्या," ती मला म्हणाली. "त्यास्ले काय घालू?"

तिने शेडचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसली.